गोरज मुहूर्त आणि बारा फोटो

आमच्या जळगावच्या घरी माजघरात आजोबांच्या लग्नाचा फोटो टांगलेला आहे. साल १९२५ च्या आसपासचे. मध्ये खुर्च्यांवर वधूवर, मागे वडीलधारी मंडळी, पुढे सतरंजीवर मुले. हसू मात्र कोणाच्याही चेहऱ्यावर नाही. लहानपणी मला वाटे, मानपानावरून काहीतरी बिनसले असावे! पुढे कळले की बिनसले काहीच नव्हते. फोटोवाल्याने ‘हलू नका’ म्हणून बजावले होते, इतकेच.

दुसरे कोडे याहून अवघड होते. लग्न लागले गोरज मुहूर्तावर, आणि फोटोत तर सकाळचे कोवळे ऊन! त्याचे उत्तर शोधताना लग्नाच्या फोटोंचा सगळा इतिहासच हाती आला.

छायाचित्रणाची कला पॅरिसमध्ये जगजाहीर झाली ती १८३९ साली. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्थाही निघाली. आमच्या खानदेशाच्या उंबरठ्यावर कॅमेरा आला तो मात्र लग्नासाठी नव्हे, लेण्यांसाठी. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आलेला मेजर रॉबर्ट गिल पुढे कॅमेराही वापरू लागला. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्या काळच्या काचा इतक्या मंद, की डोंगर आणि दगड हेच खरे गुणी गिऱ्हाईक. ते हलत नाहीत, आणि त्यांना मुहूर्तही नसतो.

लग्नाला मुहूर्त असतो. तिथेच फोटोवाल्याची पंचाईत. वैशाखात जळगावला सूर्य सातच्या सुमारास मावळतो. अंतरपाट दूर होईतो उजेड संपलेला. मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड पाडण्याची युक्ती १८८७ मध्ये जर्मनीत निघाली खरी, पण तिचा भडका आणि धूर कापडी मांडवात कोण सोसणार? काचेचा सुरक्षित दिवा यायला १९२९ साल उजाडावे लागले. बरे, भर दुपारी फोटो काढावा, तर मे महिन्यात आमच्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. बाशिंगाची सावली नेमकी डोळ्यांवर पडते, आणि नवरदेव डोळे मिटून बसल्यासारखा दिसतो. म्हणून आमच्या घराने फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी, वऱ्हाड परतण्यापूर्वी काढवला. मुहूर्ताला धक्का न लावता उजेडाची वेळ गाठली.

पुढे रोलचे कॅमेरे आले. एका रोलात चौरस फोटो बारा. मग आमंत्रणाच्या यादीबरोबर घरोघर दुसरी यादी होऊ लागली. हार घालतानाचा एक, कन्यादानाचा एक, सप्तपदीचा एक. उरलेल्यांत व्याही, विहिणी, मामा, आत्या. रुसवे टाळून बारांत सगळे बसवणे म्हणजे पंगत उठवण्याहून कठीण काम!

पण यादी म्हटली की कोणीतरी राहतेच. आमच्या फोटोत आजीची आई नाही. ती विधवा होती. मंगलकार्यात पुढे यायचे नाही, हा तेव्हाचा रिवाज. लेकीच्या लग्नाचे सगळे तिने निस्तरले आणि फोटोच्या वेळी ती आत चुलीपाशी राहिली. तिचा दुसरा कोणताही फोटो नाही. आजी त्या फोटोसमोर उभी राहिली की वधूवरांकडे पाहत नसे. मागच्या अर्धवट उघड्या दाराकडे पाहत असे.

‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ लिहिणारे वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. गावोगाव हिंडून त्यांनी दप्तरे जमवली. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात १९२७ पासून उभे आहे. कागद जपला तरच माणसे इतिहासात उरतात, हा त्यांच्या आयुष्याचा धडा. लग्नाचा फोटो हाही असाच एक कागद. त्यात जो नाही, तो पणतवंडांच्या लेखी लग्नालाच नव्हता.

आज हजारो फोटो निघतात. तरी कार्याचा बेत आखताना जुन्या दोन गोष्टी उपयोगी पडतील. एक, उन्हे उतरल्यावर मुहूर्तापूर्वी अर्धा तास फोटोसाठी मोकळा ठेवावा. सोन्यासारखा तो उजेड फुकट मिळतो. दुसरी, माणसांची यादी आधी करावी, आणि तिची सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी.

चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) सहसा घराबाहेर पडत नसत. मेजावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांतून ते अप्रतिम छायाचित्रे घडवत. सुंदर फोटोला थाटमाट लागत नाही, मांडणी आणि धीर लागतो, हे खानदेशाने त्यांच्याकडून शिकावे.

गेल्या वर्षी घरात लग्न होते. वधूची आई विधवा. फोटोच्या वेळी ती सवयीने मागे सरकली. नवरी उठली, तिला हाताला धरून आणले आणि आपल्या खुर्चीवर बसवले. स्वतः मागे उभी राहिली. फोटोवाला म्हणाला, ‘‘ताई, रचना बिघडते.’’

ती म्हणाली, ‘‘बिघडू द्या.’’

तो फोटो आता जुन्या फोटोशेजारी लावला आहे. दोन्हींच्या मागे सगळ्यांची नावे लिहिली आहेत. जुन्याच्या मागे एक नाव जास्त आहे.