पौंडामागे तीन पेन्स

गावात दवाखाना कोणी काढावा, असा प्रश्न विचारला तर आपल्याकडे सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. एक, सरकारने, दुसरे, एखाद्या उदार धनिकाने. सरकारी इमारतीवर कोनशिला बसते, दात्याच्या इमारतीवर संगमरवरी पाटी बसते; गावकरी मात्र दोन्ही ठिकाणी रांगेत उभा असतो. या दोहोंहून वेगळे असे तिसरेही एक उत्तर आहे. ते म्हणजे, ज्यांना आजारी पडावयाचे आहे त्यांनीच तो काढावा, त्यांनीच त्याचा खर्च सोसावा आणि त्यांनीच त्याचा हिशेब तपासावा. हे उत्तर ऐकावयास गोड परंतु व्यवहारात अशक्य, असे पुष्कळांना वाटते. म्हणून ज्या एका गावाने हा प्रयोग 50 वर्षांहून अधिक काळ चालवून दाखविला, त्याची हकीकत आज आपण पाहू.

हे गाव म्हणजे दक्षिण वेल्समधील ट्रेडेगर. डोंगरांच्या अरुंद खोऱ्यात वसलेले, लोखंडाच्या भट्ट्यांवर वाढलेले आणि पुढे कोळशाच्या खाणींवर जगलेले. अशा गावातील कामकऱ्याचे आयुष्य आपण कल्पनेने जाणू शकतो. छत कोसळून हाडे मोडावयाची, भट्टीच्या आचेने अंग भाजावयाचे, आणि यांतून जो वाचेल त्याच्या फुप्फुसांत कोळशाची धूळ वर्षानुवर्षे साचत जावयाची. डॉक्टरांची गरज होती, यात शंका नाही. एकट्या मजुराच्या खिशाला मात्र डॉक्टर परवडणारा नव्हता.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. 1890च्या आधी या भागात वैद्यकीय सोय मुळीच नव्हती, असे नाही. खाणी व कारखाने चालविणाऱ्या कंपन्या मजुरांच्या पगारातून ठराविक रक्कम कापून घेत आणि त्या पैशातून डॉक्टर ठेवीत. पैसा मजुराचा, परंतु डॉक्टर कंपनीचा. तो कोण असावा, हे मालकाने ठरवावयाचे. तो नीट तपासतो की नाही, हे विचारण्याचा अधिकारही पैसे देणाऱ्याला नव्हता. मजूर जखमी झाला, तर इजा किती गंभीर आहे हे सांगणारा माणूस मालकाच्या मर्जीतला असे. ही गोष्ट कामकऱ्यांच्या मनात सलत राहिली, तर त्यात नवल ते काय?

1890 साली ट्रेडेगरच्या कामकऱ्यांनी आपले वैद्यकीय साहाय्य मंडळ स्थापन केले. वर्गणी ठरली ती पगाराच्या प्रत्येक पौंडामागे तीन पेन्स. जुन्या इंग्रजी चलनात एका पौंडाचे 240 पेन्स होत. म्हणजे शाळेतल्या त्रैराशिकाने हिशेब केला, तर ही वर्गणी शेकडा सव्वा होते. ज्याची मिळकत अधिक त्याची वर्गणी अधिक, ज्याची कमी त्याची कमी. औषध मात्र दोघांना सारखेच. या साध्या नियमात मंडळाचे अर्धे सामर्थ्य होते.

उरलेले अर्धे सामर्थ्य कारभारात होते. सभासदांनी निवडलेली समिती डॉक्टरांची नेमणूक करी, त्यांचे वेतन ठरवी, औषधालय चालवी आणि जमाखर्च सभासदांपुढे ठेवी. पगारातून पैसे पूर्वीही जात आणि आताही जात. बदल झाला तो एवढाच की ते खर्च करणारा हात बदलला. परंतु इतिहासात पुष्कळदा हा ‘एवढाच’ बदल सर्वांत मोठा ठरतो. आजवर ज्याला डॉक्टरापुढे टोपी काढून उभे राहावे लागे, तो खाणकामगार आता त्याच डॉक्टरांच्या अर्जाचा विचार करावयास बसला.

हे बळ एका रात्रीत आले नाही. सभेची टिपणे कशी लिहावी, शिल्लक किती राखावी, कोणत्या औषधाला किती पैसे द्यावे, तक्रार आली तर दोन्ही बाजू कशा ऐकाव्या, हे सारे त्या माणसांनी कामावरून परतल्यावर, रात्रीच्या बैठकांत शिकून घेतले. त्यांच्यापैकी पुष्कळांची शाळा लहानपणीच सुटली होती. मजूर संघटना, सहकारी दुकाने आणि प्रार्थनामंदिरे यांतून सभा चालविण्याची जी सवय अंगी मुरली होती, ती येथे उपयोगी पडली. लोकांपाशी पैसा नसतो, म्हणून त्यांच्या संस्था उभ्या राहत नाहीत, असे आपण म्हणतो. परंतु पुष्कळदा पैशाआधी कारभाराची सवय नसते, आणि ती बाहेरून दान म्हणून देता येत नाही.

1904 साली गावात एक लहानसे रुग्णालयही उभे राहिले. त्यालाही कामकऱ्यांच्या वर्गणीचा आधार होता. हळूहळू मंडळाचा पसारा वाढला. डॉक्टर, शल्यवैद्य, औषधे तयार करणारे, दंतवैद्य, घरोघर जाणारी परिचारिका अशी माणसे पदरी आली. चष्मे, कवळ्या, कृत्रिम अवयव यांचीही सोय झाली. आणि मुख्य म्हणजे केवळ कामकऱ्यालाच नव्हे, तर त्याच्या बायकामुलांनाही उपचार मिळू लागले. याचे महत्त्व कळण्यासाठी 1911च्या ब्रिटिश राष्ट्रीय विमा कायद्याकडे पाहावे. त्या कायद्याने विमा उतरलेल्या कामगाराला डॉक्टर दिला. त्याच्या पत्नीला व मुलांना दिला नाही. संसदेला जे सुचले नाही, किंवा सुचूनही परवडले नाही, ते एका खाणीच्या गावाने करून दाखविले होते.

तथापि सारे काही गोड होते, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. आपले वेतन व आपली नेमणूक खाणमजुरांच्या समितीने ठरवावी, हे अनेक डॉक्टरांना मानवत नव्हते, आणि त्यांच्या ब्रिटिश संघटनेने अशा मंडळांना दीर्घ काळ विरोध केला. त्यात अहंकार होता तसा खरा प्रश्नही होता. जो रोगी मत देतो, त्याला ‘तू आजारी नाहीस, कामावर जा’ असे सांगण्याचे धैर्य डॉक्टराने कोठून आणावे? 1921 ते 1924 या काळात येथे काम केलेल्या ए. जे. क्रोनिन या तरुण स्कॉटिश डॉक्टराने पुढे 1937 साली ‘द सिटाडेल’ ही कादंबरी लिहिली. तीत आजाराचा खोटा दाखला नाकारणारा डॉक्टर सभासदांचा रोष कसा ओढवून घेतो, हे त्याने रंगविले आहे. आपल्याकडील पुष्कळांनी ही कादंबरी वाचली नसली, तरी तिच्यावर आधारलेला विजय आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ हा 1971चा हिंदी चित्रपट पाहिला असेल. लोकांची सत्ता आणि तज्ज्ञाची सचोटी यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न ट्रेडेगरने कायमचा सोडविला नाही. तो त्यांना दर महिन्याला नव्याने सोडवावा लागे.

दुसरा दोष अधिक खोल होता. वर्गणी पगारावर अवलंबून होती, आणि पगार कोळशावर. 1926 साली मालकांनी खाणींना टाळे लावले. ते सुमारे सात महिने टिकले, आणि मागून मंदीची वर्षे आली. ज्या काळात घरात अन्न कमी आणि आजार अधिक, नेमका त्याच काळात पगारावरील शेकडा सव्वा म्हणजे शून्यावरील शेकडा सव्वा! एकाच उद्योगावर जगणारे गाव एकमेकांना आधार देऊ शकते. परंतु सर्वच एकदम बुडू लागले, तर हात कोणी कोणाला द्यावा?

या मंडळाच्या संस्थापकांत डेव्हिड बेव्हन नावाचा एक खाणकामगार होता. 1925 साली कोळशाच्या धुळीने जडलेल्या फुप्फुसाच्या विकाराने तो मरण पावला. त्याचा मुलगा अन्युरिन हा 1897 साली जन्मलेला, वयाच्या तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला. 1920 नंतरच्या दशकात तो मंडळाच्या व रुग्णालयाच्या कारभारात बसू लागला. 1929 साली तो संसदेत गेला आणि 1945 साली ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला. 5 जुलै 1948 रोजी त्याने जी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली, तिच्याविषयी तो म्हणे की आपण दुसरे काही करीत नाही, सर्व देशाचे ट्रेडेगर करीत आहो. सामर्थ्याप्रमाणे द्यावे आणि गरजेप्रमाणे घ्यावे, हे सूत्र त्याने गावातूनच उचलले होते.

परंतु येथेच या कथेतील सर्वांत विचार करण्याजोगे वळण आहे. रुग्णालये स्थानिक संस्थांकडेच ठेवावी, असा आग्रह मंत्रिमंडळात हर्बर्ट मॉरिसन यांनी धरला होता. बेव्हनने तो मान्य केला नाही. स्थानिक मंडळाच्या कुशीत वाढलेल्या माणसानेच स्थानिक मालकीच्या विरुद्ध कौल दिला! याचे कारण त्याने 1926 पाहिले होते. ज्या गावाची मिळकत कमी त्याला दवाखानाही कमी प्रतीचा मिळणार, हे त्याला पटत नव्हते. म्हणून पैसा सर्व देशाचा एक झाला. त्याबरोबर रुग्णालयाचा कारभार निवडलेल्या समितीकडून नेमलेल्या मंडळाकडे गेला. गरीब खोऱ्याला श्रीमंत शहराइतकाच हक्क मिळाला, ही प्राप्ती फार मोठी होय. परंतु भट्टीवरून येऊन डॉक्टराला जाब विचारणारा सभासद त्या दिवसापासून पुन्हा केवळ रोगी झाला, ही हानीही खरी आहे. पुढे 1951 साली कवळ्या व चष्मे यांवर शुल्क बसविण्याचे ठरले, तेव्हा बेव्हनने मंत्रिपद सोडले. लंडनला ती बाब क्षुल्लक वाटली असेल. परंतु कवळी आणि चष्मा या वस्तू त्याच्या गावाने आपल्या वर्गणीतून कितीतरी आधी दिल्या होत्या.

आपल्या देशापुरता विचार केला, तर हा प्रश्न आपणांस परका नाही. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1946 साली आरोग्यसेवेची जी मोठी योजना मांडली, तीत गावोगाव आरोग्य समित्या असाव्यात, असे सुचविले होते. 2005 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने अशा समित्यांची पुन्हा तरतूद केली. मधल्या काळात इंदूरने एक वाट दाखविली. 1994 साली, प्लेगच्या भीतीने देश हादरला होता तेव्हा, तेथील महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांच्या निर्मूलनाची व सफाईची मोठी मोहीम झाली. तिच्यातून रोगी कल्याण समिती जन्मास आली. ज्यांना देणे शक्य आहे त्यांच्याकडून घेतलेले शुल्क सरकारी तिजोरीत न जाता त्याच रुग्णालयाच्या कामी यावे, ही तिची मुख्य कल्पना होती. ती पुढे देशभर गेली. तिचा गुण असा की पैसा आणि निर्णय एका ठिकाणी आले. तिची मर्यादा अशी की शुल्क आजाऱ्याने द्यावयाचे, आणि तेही आजाराच्या दिवशी. ट्रेडेगरचे तीन पेन्स निरोगी माणसाने, पगाराच्या दिवशी दिलेले होते.

या दृष्टीने सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आजूबाजूच्या खेड्यांत चालविलेली योजना ट्रेडेगरच्या अधिक जवळची वाटते. तेथे वर्गणी ज्वारीच्या रूपाने, सुगीच्या वेळी, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे गोळा केली जाई. शेतकऱ्याच्या हाती रोकड नसते, पण खळ्यावर धान्य असते, हे ज्याने ओळखले त्याला खेडे कळले होते, असे म्हटले पाहिजे. वेल्समधील पेन्स आणि वऱ्हाडच्या शेजारची ज्वारी यांत नाते आहे ते हेच. घेणाऱ्याने देणाऱ्याचा हंगाम पाहिला.

या साऱ्या हकीकतीतून एकच एक धडा काढणे कठीण आहे. केवळ गावाच्या वर्गणीवर सर्व आरोग्य सोपवावे, तर दुष्काळाच्या वर्षी दवाखान्याचे दार बंद होईल. केवळ सरकारी अनुदानावर सोपवावे, तर दार उघडे राहील, परंतु आत कोणी का नाही, हे विचारणारा उरणार नाही. मोठा पैसा देशाने द्यावा, कारण संकट सर्व गावांवर एकदम येत नाही आणि एक भाग दुसऱ्याला सावरू शकतो. परंतु थोडा का होईना, गावाचाही पैसा त्यात असावा, आणि त्याच्या बरोबरीने गावाचा अधिकारही असावा. अधिकाराविना घेतलेली वर्गणी ही कंपनीच्या डॉक्टरासाठी कापलेल्या पगारासारखीच होय.

आपल्या गावात किंवा वस्तीत आरोग्य समिती असेल, तर तिच्याविषयी तीन प्रश्न विचारून पाहावेत. तिचे सभासद कोणी निवडले? तिच्या हाती येणारा पैसा कोठे व कसा खर्च झाला, याचा हिशेब वर्षातून एकदा तरी चारचौघांत वाचला जातो काय? आणि परिचारिका आली नाही किंवा औषध संपले, तर त्या समितीच्या सांगण्यावरून काही घडते काय? या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यास फारशा विद्वत्तेची आवश्यकता नाही. तेराव्या वर्षी शाळा सोडलेल्या खाणकामगारांना ती मिळविता आली होती.