मेकाँगकाठचे बौद्ध देश आणि त्यांची पर्यावरण आंदोलने

बौद्ध देशांत निसर्गाचे रक्षण आपोआप होते, असे आपल्याकडे अनेकदा ऐकू येते. थायलंड, लाओस आणि कंबोडिया हे तिन्ही देश थेरवादी, तिन्ही मेकाँगकाठी. तरीही तिथल्या पर्यावरण आंदोलनांत मोठा फरक आहे. माझ्या मते तो धम्माचा नसून संघटना करण्याच्या स्वातंत्र्याचा आहे.

थायलंडमध्ये 1980 च्या दशकाच्या अखेरीस फायाओ प्रांतातील भिक्खू फ्रा ख्रू मानस नतीपितक यांनी झाडाच्या बुंध्याला चीवराचे भगवे वस्त्र गुंडाळून विधी केला. विनयानुसार झाडाला उपसंपदा देता येत नाही, हे भिक्खूंनाही माहीत होते. पण चीवर गुंडाळलेल्या झाडावर कुऱ्हाड चालवायला गावातला माणूस कचरतो. ही पद्धत देशभर पसरली. सरकारला मात्र ती नेहमीच रुचली असे नाही. बुरीराम प्रांतात जंगल आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिलेले फ्रा प्रजाक यांना 1991 मध्ये अटक झाली, आणि पुढे त्यांनी चीवर सोडले. मून नदीवरच्या पाक मून धरणाचे विस्थापित 1995 मध्ये स्थापन झालेल्या ‘असेंब्ली ऑफ द पुअर’मध्ये सामील झाले. 1997 मध्ये या संघटनेने बँकॉकमध्ये 99 दिवस ठाण मांडले. इथे भिक्खूंपेक्षा मच्छीमार आणि शेतकरीच पुढे होते, हे विसरू नये.

लाओसमध्ये 1975 पासून एकपक्षीय राजवट आहे आणि असा मोर्चा तिथे जवळपास अशक्य. शाश्वत शेती आणि ग्रामीण शिक्षणात काम करणारे, 2005 चे मॅगसेसे पुरस्कारप्राप्त सोमबाथ सोमफोन यांची गाडी 15 डिसेंबर 2012 रोजी विएंतिआनमध्ये पोलीस चौकीपाशी थांबवण्यात आली. सीसीटीव्हीत ते दुसऱ्या वाहनातून नेले जाताना दिसतात. त्यानंतर त्यांचा पत्ता नाही.

म्हणूनच लाओसमधल्या सायाबुरी धरणाविरुद्धची लढाई शेजारच्या देशात लढली गेली. त्याची बहुतेक वीज थायलंड घेणार होता. तो धागा पकडून मेकाँगकाठच्या थाई गावकऱ्यांनी 2012 मध्ये आपल्याच वीज प्राधिकरणाविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात दावा लावला. धरण थांबले नाही. 2019 मध्ये ते सुरू झाले.

कंबोडियात दोन्हींचे मिश्रण दिसते. अरेंग खोऱ्यातील नियोजित धरणाला विरोध करताना भिक्खू तिथे चालत गेले आणि झाडांना भगवे वस्त्र गुंडाळले. 2015 मध्ये तो प्रकल्प पुढे ढकलला गेला. पण त्याआधी, एप्रिल 2012 मध्ये, बेकायदा जंगलतोड उघड करणारे चुट वुत्ती कोह काँग प्रांतात गोळीबारात मारले गेले होते. आणि अरेंगच्या आंदोलनात पुढे असलेल्या ‘मदर नेचर कंबोडिया’च्या 10 कार्यकर्त्यांना जुलै 2024 मध्ये 6 ते 8 वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.