भिंतीपलीकडची मावशी

आजी साल सांगायची नाही. ‘पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात,’ म्हणायची. धरण फुटलं १२ जुलै १९६१ला. म्हणजे गोष्ट १९६०ची. आजोबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपात हेल्पर, चाळीत एक खोली, आणि सहा वर्षांच्या माझ्या वडिलांना देवी आलेल्या.

रोग म्हणायचं नाही. आईसाहेब आल्यात म्हणायचं. फोडणी बंद, चपला बाहेर, दारात निंबाचा डहाळा. तो डहाळा बघून चाळीचं येणंजाणं थांबलं. आजी नळावर गेली की बायका बादल्या उचलायच्या. आजोबांचे खाडे वाढले तशी चूल थंडावली.

उंबरा ओलांडला तो एका भिंतीपलीकडच्या मावशीनं. हॅरिस पूल ओलांडून पायी खडकी बाजारात भाजी विकणारी ती. तोंडावर लहानपणच्या देवीचे व्रण, म्हणून हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे. ‘मला देवीनं एकदा बघितलंय, परत न्हाई बघायची,’ म्हणाली आणि पोराच्या उशाशी बसली. एकदा देवी येऊन गेलेल्याला सहसा त्या पुन्हा होत नसत, हे डॉक्टरही सांगत. मावशीला ते देवीच्याच भाषेत ठाऊक होतं. पोरानं खाजवू नये म्हणून तिनं त्याचे हात फडक्यात गुंडाळले. निंबाच्या पाल्यानं माश्या वारल्या. ताकात कालवलेल्या कण्या भरवल्या. कण्या तिच्याच घरच्या. खपली धरेपर्यंत ती बाजाराला गेली नाही. तिचंही पोट हातावरच होतं.

पण देवीवरच्या त्याच श्रद्धेनं आधी घात केला होता. देवी टोचणारा आला तेव्हा आई कोपेल म्हणून आजीनं पोराला माळ्यावर लपवलं होतं. हे सांगताना ती दर वेळी रडायची.

पुढे आत्याला टोचायची वेळ आली. आजीचे हात कापत होते. मावशीनंच आत्याला मांडीवर घट्ट धरलं. भारतातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५च्या मे महिन्यात सापडला. देवी गेल्या, पण आत्याच्या दंडावरचा वण अजून दिसतो, वडिलांच्या गालावरचे खड्डेही.

आजीनं शीतळासप्तमी शेवटपर्यंत पाळली. त्या दिवशी चूल पेटायची नाही. आदल्या रात्री केलेल्या थंड नैवेद्याचं पहिलं ताट मात्र देवीच्याही आधी भिंतीपलीकडे जायचं.