आम्लस्राव कमी करणारी औषधे आणि औषधांची आंतरक्रिया : एक ऐतिहासिक आढावा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जठरव्रणाच्या रुग्णापुढे प्रामुख्याने पथ्य, आम्लशामक औषधे आणि अखेरीस शस्त्रक्रिया हेच मार्ग होते. जेम्स ब्लॅक यांनी १९६४ पासून इंग्लंडमधील स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीत केलेल्या संशोधनातून सिमेटिडिन सिद्ध झाले. १९७६ मध्ये ते ब्रिटनमध्ये उपलब्ध झाले आणि व्रणावरील शस्त्रक्रियांची गरज घटू लागली. १९८८ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत ब्लॅक यांचा समावेश होता.

या यशाची दुसरी बाजू मात्र औषध वापरात आल्यावरच उघड झाली. सिमेटिडिनमुळे वॉरफरिन या रक्तगुठळी रोखणाऱ्या औषधाचा परिणाम वाढतो, असे १९७९ मध्ये ‘द लॅन्सेट’मधील अहवालाने दाखविले. सिमेटिडिनच्या रेणूतील इमिडाझोल वलय यकृतातील सायटोक्रोम पी-४५० या विकरांना अडविते. परिणामी इतर औषधांचे विघटन मंदावते. म्हणून वॉरफरिनची मात्रा न वाढविताही रक्तस्रावाचा धोका उद्भवतो. दम्यावरील थिओफिलिन आणि अपस्मारावरील फेनिटॉइन यांची रक्तातील पातळीही घातक ठरू शकते. १९८१ मध्ये आलेल्या रॅनिटिडिनमध्ये इमिडाझोलऐवजी फ्युरान वलय असल्याने हा दोष अत्यल्प होता. तथापि एनडीएमए या अशुद्धीमुळे २०२० मध्ये अमेरिकेतील बाजारातून ते मागे घ्यावे लागले.

१९८८ मध्ये आलेल्या ओमेप्राझोलने आम्लनिर्मितीचा अखेरचा टप्पाच रोखला. प्रश्न मात्र वेगळ्या रूपात पुन्हा उभा राहिला. हृदयरुग्णांना दिले जाणारे क्लोपिडोग्रेल शरीरातील सीवायपी२सी१९ या विकरामुळे कार्यक्षम होते आणि ओमेप्राझोल त्याच विकराला अडविते. यास्तव अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये ही दोन औषधे एकत्र न देण्याचा इशारा दिला. २०१० मधील कोजेंट चाचणीत हृदयविकाराच्या घटनांत वाढ आढळली नाही, उलट पचनमार्गातील रक्तस्राव घटला. परंतु चाचणी अर्धवट थांबल्याने निर्णायक उत्तर मिळाले नाही.

याशिवाय आम्ल घटणे हीच काही औषधांच्या दृष्टीने अडचण ठरते. बुरशीविरोधी केटोकोनाझोल आणि एचआयव्हीवरील अटाझानाविर यांच्या शोषणास जठरातील आम्ल आवश्यक असते.

सारांश, या औषधांच्या इतिहासात लाभ आधी आणि धोक्याचे ज्ञान नंतर, असा क्रम दिसतो. आम्लपित्तावरील गोळी किरकोळ समजून रुग्ण तिचा उल्लेख टाळतो. म्हणूनच नवे औषध लिहून देण्यापूर्वी आधीच्या सर्व औषधांची विचारणा होणे अगत्याचे आहे.