मावशीच्या माळ्यावरचा बीबीसी मायक्रो

हेडफोन लावलेत ना? मग ऐका.

मागच्या मे महिन्यात मावशीच्या माळ्यावरून मी एक पिवळट पडलेला कॉम्प्युटर खाली काढला. काळी बटणं, वरच्या ओळीत लालसर फंक्शन-की, कोपऱ्यात ठिपक्यांचं घुबड. बीबीसी मायक्रो!

१९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाची कॉम्प्युटर योजना सुरू केली आणि त्यासाठी इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचं हे मशीन निवडलं. मॉडेल बी म्हणजे ३२ केबी रॅम आणि २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर. फॅमिली ग्रुपवरचं गुड मॉर्निंगचं एक फूलसुद्धा यात मावायचं नाही.

मावशी गणित शिकवायची. तिचं ट्रेनिंग झालं, पण खोलीला कायम कुलूप. किल्ली मागितली की उत्तर ठरलेलं, 'बिघडलं तर भरून कोण देणार?' चपला बाहेर काढून मुलांनी लांबूनच बघायचं. तिनेही. पुढे ते भंगारात निघालं तेव्हा तिने पदरचे पैसे देऊन घरी आणलं.

असं मशीन हाती आलं तर लगेच प्लग लावू नका हं. पॉवर सप्लायमधल्या जुन्या फिल्टर कपॅसिटरच्या कवचाला भेगा पडतात, आतल्या कागदात ओल शिरते आणि चालू केलं की थोड्या वेळात खोलीभर धूर. मी लॅमिंग्टन रोडवरून नवे आणून बदलले.

आता गंमत. हे मशीन बनवणाऱ्यांत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर होते. याच दोघांनी पुढे एआरएम प्रोसेसर डिझाइन केला. पहिली चिप २६ एप्रिल १९८५ ला चालली, तीही बीबीसी मायक्रोला जोडूनच. फर्बरनी ती किती करंट घेते हे मोजायला मीटर लावला, तर शून्य! चिपला वीज जोडलेलीच नव्हती. सिग्नलच्या पिनांमधून जी झिरपत होती तेवढ्यावरच ती चालत होती. आत्ता तुम्ही मला ज्या फोनवर ऐकताय, त्यात बहुतेक याच घराण्यातली चिप आहे.

तर, सोल्डरिंग संपलं. स्विच दाबला. आधी जाड सूर, मग बारीक बीप, आणि टीव्हीवर अक्षरं: 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के'.

मावशी पदराला हात पुसत आली. काखेत ट्रेनिंगची जुनी वही, तिच्यात बेसिकमध्ये लिहिलेला सतराचा पाढा. मी उठून तिला खुर्ची दिली.

"हात लावू?" तिने विचारलं.