सड्यावरची पाटी

उक्षीच्या सड्यावर रस्त्याला लागूनच एक पाटी आहे: कातळशिल्प. तिथं थांबलं की चिऱ्यांची गोल भिंत दिसते. तिच्यावर उभं राहून खाली बघितलं की कातळात कोरलेला हत्ती दिसतो. जमिनीवर उभं राहिलं तर नुसत्या रेघा. उंचावरून बघावं तेव्हा सोंड, पाय, पाठ एकत्र येतात.

मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा बराच वेळ गप्प उभा होतो. कारण असल्या रेघा मी लहानपणी आमच्या सड्यावर बघितल्या होत्या.

आमचं गाव उक्षीपासून फार लांब नाही. पावसाळ्यात आजी गुरं घेऊन सड्यावर जायची, मी तिच्या मागून. एका जागी कातळात बोटभर खोल चर होते. त्यात पाणी साचायचं, मी त्यातून उड्या मारायचो. आजी ओरडायची, "पाय नको हो ठेवूस त्यावर. पांडवांचं काम आहे ते." पांडवांनी एका रात्रीत कोरलं, एवढाच आमचा इतिहास.

कोकण रेल्वेचं काम चालू होतं त्या सुमारास बहिणीचं लग्न ठरलं. वडलांनी सड्याचा तो तुकडा चिरेखाणीला दिला. सड्यावर भात होत नाही, आंबा लावायचा तर कातळ फोडायला पैसा हवा. चिऱ्याला मात्र गिऱ्हाईक होतं. यंत्राची करवत फिरली आणि महिन्याभरात चर गेले. घरात कुणी हळहळलं नाही. आजी तेव्हा नव्हती. वडलांना दोष द्यावा तर मीही तेव्हा मिळवता नव्हतो.

पुढं रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गावोगाव सडे तुडवू लागले. गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत त्यांनी शेकडो चित्रं शोधली. राजापूर तालुक्यात कशेळीचा हत्ती तर सुमारे अठरा मीटर लांब निघाला. काही ठिकाणी गेंडाही आहे, जो आज कोकणात कुठंच नाही. अभ्यासक या चित्रांचं वय हजारो वर्षं मागं नेतात. २०२२ साली उक्षी, कशेळी, जांभरूण, बारसू, देवाचे गोठणे अशा जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या.

हे सगळं वाचताना एकच वाटतं. इतकी वर्षं सडा निरुपयोगी होता म्हणून चित्रं राहिली. चिऱ्याला भाव आला आणि ती धोक्यात आली. सड्याचा बराचसा भाग खासगी मालकीचा, त्यामुळं चित्र राहणार की जाणार हे शेवटी सातबाऱ्यावरच्या नावांवर ठरतं. उक्षीला गावानं मनावर घेतलं, भिंत घातली. आमच्याकडं त्या चरांना नावसुद्धा नव्हतं. ज्याला नाव नाही ते विकताना हात अडखळत नाही.

आमची खाण आता पाण्यानं भरलेली असते. तिच्या पलीकडच्या तुकड्यात, चुलतभावाच्या वाट्याला, अजून दोन आकृत्या आहेत. एक माशासारखी, दुसरी कळत नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघांनी तिच्याभोवती गडगा घातला, सुटे दगड रचून, गुडघाभर उंचीचा. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, पाटीवर काय लिहायचं?"

म्हटलं, "कातळशिल्प लिही. आणि खाली, पाय ठेवू नये."