नव्या बिऱ्हाडाचा नारळ

दक्षिण कोकणात नवे घर बांधले किंवा बिऱ्हाड हलविले, की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधी स्थळाच्या राखणदाराशी ओळख करून घेण्याची रीत फार जुनी आहे. विड्याच्या पानावर नारळ ठेवावयाचा, जाणत्या गावकऱ्याने गाऱ्हाणे घालावयाचे, आलेल्या लेकरांची, त्यांच्या गुराढोरांची नि पोराबाळांची राखण कर म्हणून सांगावयाचे, आणि भोवतालच्या मंडळींनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ असा रुकार द्यावयाचा. याकडे केवळ धर्माचरण म्हणून पाहिले तर त्यातले निम्मे मर्म निसटते; कारण रुकार देणारे तेच उद्याचे शेजारी असतात, आणि घरात कोण अधू आहे, कोणाची काळजी अधिक वाहावी लागते, हे देवाला सांगण्याच्या निमित्ताने त्यांच्याच कानी घातले जाते.

ज्या घरात न बोलणारे, हाकेला वळून न पाहणारे, फिरत्या भोवऱ्यापाशी प्रहरभर रमणारे, आज ज्याला स्वमग्न म्हणतात असे मूल आहे, त्या घराला हा रुकार मोठा आधार होता. परंतु जुन्या वाडीचे गोडवे गाताना सत्य झाकून ठेवणे मला रुचत नाही. त्याच वाडीत अशा मुलाला देवचार लागला असे ठरवून भगताकडे खेटे घातले जात, दोष आईच्या माथी मारला जाई, आणि पाहुणे अंगणात आले की मुलाला माजघरात नेऊन कडी घातली जाई. वाडीने त्याला पोटभर जेवू घातले हे खरे. त्याला समजून घेतले असे मात्र म्हणवत नाही.

आमच्या मुलुखात अशा माणसाला ‘पिसो’ म्हणतात. हा शब्द थेट तेराव्या शतकातील आहे, याचा विसर बोलणाराला असतो. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांना ऋद्धिपूरचे लोक वेडे म्हणत, पिसे म्हणत. ते कोणाच्याही घरात शिरत, हाताला लागेल ते खात, मुलांत खेळत, मनात येईल तेव्हा रागावत. आणि म्हाइंभटांनी त्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात गावातील बायाबापड्या त्यांना सांभाळून घेताना जागोजाग भेटतात. त्यांच्यावर आजच्या वैद्यकाचे नाव चिकटविणे हा अविचार होईल. मला त्या चरित्रात मोलाचे वाटते ते गाव: एका माणसाचे विलक्षण वर्तन दिवसेंदिवस पाहून, त्याच्या कलाने आपली दारे उघडी ठेवणारे गाव.

सरकारी दप्तराला ही नजर नव्हती. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या शिरगणतीत व्यंगांच्या नोंदीसाठी वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी असे चारच वर्ग होते. तेव्हा ऐकू येऊनही न बोलणारे मूल गणतीदाराच्या मर्जीनुसार पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गात पडत असणार, अथवा घरच्यांनी लपविल्यामुळे कोठेच पडत नसणार. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांचे निरीक्षण करून स्वमग्नतेचे वर्णन प्रसिद्ध केले ते १९४३ साली. त्या वेळी आमचे दोडामार्ग हे सावंतवाडी संस्थानातील, पोर्तुगीज सरहद्दीला लागलेले गाव होते. पुढे संस्थान विलीन झाले, १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला. अपंगांसाठी १९९५ साली झालेल्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. ती आली १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात. सावंतवाडीतून निघून दोडामार्ग हा स्वतंत्र तालुका झाला तेही त्याच वर्षी.

आमच्या पिढीने तालुक्यात तिलारीचे धरण होताना पाहिले. महाराष्ट्र आणि गोवा या दोन सरकारांच्या या प्रकल्पासाठी पाट्ये, सरगवे, आयनोडे, शिरंगे, केंद्रे, पाल अशा गावांतील कुटुंबे उठून पुनर्वसनाच्या वसाहतींत आली. जमिनीची मोजणी झाली, झाडांची गणना झाली, खातेदारांच्या याद्या झाल्या. पण कोणते मूल संध्याकाळी ओहोळाकडे जाते, कोणाला हाक न मारता हात धरून आणावे लागते, ही जी जाण एका वाडीत दोन पिढ्यांत साठलेली असते, तिचा पंचनामा कोण करणार? भूखंड मिळाले, शेजार नव्याने घडवावा लागला.

आम्ही दोडामार्गच्या बाजारपेठेलगत बिऱ्हाड केले तेव्हा आमच्या मुलाला सातवे वर्ष लागले होते. समोरच्या घराच्या फाटकाची लोखंडी कडी उघडावी, कान लावून तिचा आवाज ऐकावा, पुन्हा लावावी, हा त्याचा सकाळचा नित्यक्रम झाला. आम्ही त्याला ओढून आत आणत होतो आणि दार लावून घेत होतो. माजघराची ती जुनी कडी आम्हीच पुन्हा घातली, हे कबूल करताना आजही मन खजील होते. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात डॉक्टरांपुढे घडाघडा सांगितलेली माहिती दहा पावलांवरच्या घरात सांगण्याचे धैर्य आमच्या अंगी नव्हते. अखेर एके सायंकाळी पत्नी नारळ घेऊन त्या घरी गेली, आणि मुलाला काय आवडते, काय सोसत नाही, तो बोलत नसला तरी त्याला किती समजते, हे तिने ओटीवर बसून सांगितले. त्या घरच्या म्हातारीने सारे शांतपणे ऐकले.

“तेका आवाज सोसना नाय, इतक्याच मां?” ती म्हणाली. “मगे ह्या आदीच सांगूक होया होता.”

दुसऱ्या दिवशी तिने त्या कडीला खोबरेल लावले, आणि फाटक मुलासाठी मोकळे ठेवले.

चतुर्थीत आमच्याकडे आरत्या घरोघर फिरतात. झांज मुलाला प्रिय आहे, फटाका असह्य. यंदा मंडळी आमच्या अंगणात आली तेव्हा बाराला वात लावण्यापूर्वी समोरच्या ओटीवरून म्हातारीची हाक आली, आणि ती वात मुलाला आत नेईपर्यंत थांबली.